डाव्या पिळाचा दोर

"आणि तू सांगितलंस? आपल्या घरात दोर वळायचे म्हणून ऑफिसात सांगितलंस?" संजयने हातातला घास परत ताटात ठेवला.

"ऑफिसात कुठे? युन मॅडमना सांगितलं," नम्रता म्हणाली. "त्यांनी विचारलं, पेंढ्याचा दोर हाताने वळणारं कुणी ओळखीत आहे का. मी म्हटलं, आमच्या आजोबांकडे वळायचे."

"वळायचे! साठ वर्षं होत आली त्याला. मग गाववाले आपल्याला काय म्हणून हाका मारायचे तेही सांगायचं होतंस."

"त्यांना हाका नको होत्या, बाबा. दोर हवा होता."

"बघ, बघ हिचं तोंड," संजय शर्मिलाकडे वळला. "चार वर्षं कोरियन शिकली ती आजोबांचं प्रदर्शन मांडायला."

शर्मिलाने त्याच्या ताटात रस्सा वाढला. रविवारचं मटण होतं आणि ते निवत चाललं होतं. समोर आण्णा, म्हणजे तिचे सासरे भीमराव, खाली मान घालून जेवत होते. त्यांच्याबद्दलच बोलणं चाललं होतं, पण त्यांना अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

संजय एका बँकेत अधिकारी होता. औंध रस्त्यावरच्या त्यांच्या सोसायटीत कुणी मूळ गाव विचारलं की तो 'पुणेच' म्हणे आणि विषय पार्किंगकडे नेई. त्याची मुलगी नम्रता हिंजवडीच्या एका कंपनीत कोरियन साहेबांची दुभाषी होती आणि तिला कुठलाच विषय कुठे न्यावासा वाटत नसे. शर्मिला महापालिकेच्या दवाखान्यात औषधं देई. बापलेकीच्या मध्ये बसून जेवायची तिला सवय झाली होती.

"आहे तरी काय शनिवारी?" तिने विचारलं.

नम्रताने मग सांगितलं. कंपनीत संस्कृतीचे वर्ग घेणाऱ्या युन मॅडम साठीच्या होत्या, दक्षिण कोरियातल्या एका खेड्यातल्या. त्यांच्या गावात वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला गावाची पूजा असे. ती पौर्णिमा यंदा आपल्या माघी पौर्णिमेलाच येत होती. बाणेरच्या एका संस्थेच्या आवारात, वडाखाली, त्या ती पूजा करून दाखवणार होत्या.

"आधी गाव बसतं आणि एक घर निवडतं. ज्या घरात वर्षभरात मयत नाही, बाळंतपण नाही, भांडण नाही असं घर."

"मग आपलं बाद," शर्मिला म्हणाली.

"ऐक ना, आई. त्या घराने आठ दिवस थंड पाण्याने अंघोळ करायची, कुणाला वाईट बोलायचं नाही. घरटी ओंजळभर तांदूळ गोळा होतात. श्रीमंत असो, गरीब असो, ओंजळ एकच. सगळे एका भांड्यात शिजतात. गावाच्या झाडाला आणि वाटेच्या तोंडाशी पेंढ्याचा दोर बांधतात, की मग बाहेरच्यांनी आत यायचं नाही. पूजा घटकाभराची असते. मॅडम म्हणतात, खरं काम जेवणानंतर. सगळे तिथेच बसतात आणि वर्षाचं ठरवतात. पाटाचं पाणी कुणाला कधी, विहीर कोण उपसणार, लावणीला कुणाकडे कुणी जायचं. आणि ज्यांची भांडणं असतील त्यांना ती पूजेच्या आधी मिटवावी लागतात. भांडण घेऊन झाडापुढे उभं राहायचं नाही."

"छान," संजय म्हणाला. "मग तिथलाच कुणीतरी बोलवा म्हणावं दोर वळायला. विमानाने."

"दोर साधा नसतो. रोजच्या कामाचा दोर उजव्या पिळाचा. हा डाव्या पिळाचा लागतो, उलटा. मॅडमना स्वतःला वळता येत नाही. यूट्यूबवर बघून आम्ही दोन दिवस खटपट केली, सगळा उसवला."

आण्णांचं चावणं थांबलं. शर्मिलाच्या ते लक्षात आलं, बाकी दोघांच्या आलं नाही. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि नातीकडे बघितलं.

"दोर वळणारा दोराच्या आत बसतो का भाईर?"

अठ्ठावन्न वर्षं पुण्यात काढून आण्णांची बोली पुण्याची झाली होती. गावची बोली फक्त अशा वेळी वर येई.

"आतच असेल ना, आजोबा," नम्रता म्हणाली.

"कशावरून?"

"म्हणजे, तोच पूजा करतो. मॅडमच्या पुस्तकात लिहिलंय, सगळं गाव एकत्र बसतं."

"पुस्तकात नसतंय ते. बाईला विचार. नीट विचार. आत कोण बसतं आणि भाईर कोण, आणि भाईरच्याला कसं वाढतात."

ताट उचलून ते मोरीत गेले. संजय नम्रताला म्हणाला, "झालं समाधान?" आणि निवलेला रस्सा ओरपून टाकला.

*

शर्मिला लग्न होऊन या घरात आली त्याला सव्वीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, राधाबाईंनी, तिला सांगितलं होतं, "घरात सुतळी आणू नको. ह्यांना चालत नाही."

"का?"

"चालत नाही ना, मग झालं."

तेव्हा ते बोपोडीच्या चाळीत राहत. कपडे वाळत घालायला तिथेही आण्णांनी कारखान्यातून टाकाऊ पाइप आणून बसवला होता. वळकटी बांधायला चामड्याचा पट्टा, पिशवीला चेन, पडद्याला दांडी. वाण्याकडून पुडा सुतळीने बांधून आला तर सुतळी दाराबाहेर सोडून पुडा आत यायचा. खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरी करताना त्यांनी एकदाही खाडा केला नाही, आणि या नियमातही नाही.

दुसरा नियम जेवणाचा. लग्नकार्यात, बारशात, कुठेही आण्णा पंगतीला बसत नसत. स्वतःचा डबा नेत आणि कोपऱ्यात खुर्ची ओढून खात. शर्मिलाच्या लग्नात नवऱ्या मुलाचा बाप डबा उघडून भाकरी खातोय हे बघून तिच्या मामांनी मांडवातच आवाज चढवला होता. "आमच्या अन्नाला काय वास येतो का?" आण्णा शांतपणे म्हणाले, "तुमच्या अन्नाचं नाही हो. माझ्या पोटाचं आहे." पोटाला काहीही झालेलं नव्हतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी ते अजून भाकरीबरोबर ठेचा खात.

नियम नियमाच्या जागी, पण हात काही ऐकत नसत. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ओट्यावर ठेवल्या की दुपारी आण्णा त्यांच्या पट्ट्या कापत. दोन पट्ट्या पायाच्या अंगठ्यात धरून, तळहातांमध्ये घोळवून, वीतभर दोरी वळत. मग ती वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकत, अगदी तळाशी. कचरा शर्मिला काढायची. पहिल्यांदा सापडली तेव्हा तिला हसू आलं होतं, नंतर सवय झाली. दोरी इतकी घट्ट असे की ओढून उसवत नसे. हे तिने कधी नवऱ्याला सांगितलं नाही. सुनेलाच ठाऊक असलेली म्हाताऱ्या माणसाची एखादी गोष्ट असते, ती कचऱ्याबरोबर बाहेर जाते.

*

सोमवारी संध्याकाळी नम्रता पेंढ्याच्या दोन पेंढ्या घेऊन आली. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर गेनबा मुळशीकडचा होता, त्याच्या खळ्यावरचा भाताचा पेंढा. तिने तो बाल्कनीत ठेवला. अर्धा जिन्यात सांडला होता. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून म्हणाल्या, "म्हैस घेतली वाटतं? दूध आम्हालाही देत जा."

संजय आला तो बाल्कनीच्या दारात उभा राहिला.

"हे काय?"

"पेंढा," नम्रता म्हणाली.

"मला दिसतंय पेंढा आहे. युन मॅडमचं उत्तर आलं का?"

"नाही. त्या चेन्नईला गेल्यात. म्हणाल्या, मला नक्की माहीत नाही, गावातल्या मामांना फोन करून सांगते."

"पुस्तक लिहिणाऱ्या बाईला माहीत नाही. उत्तम." मग तो आण्णांच्या खुर्चीसमोर जाऊन बसला. आवाज उतरवून म्हणाला, "आण्णा, तुम्ही माझ्याकडून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्यात. दुसरीत होतो मी. एक चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि आता कुणाच्या झाडाच्या पूजेला आपल्या घरचा दोर?"

"अजून पाठ हायेत तुला?"

"आहेत की."

"बरं हाय," आण्णा म्हणाले आणि चष्मा लावून वर्तमानपत्र उघडलं.

संजय उठला. स्वयंपाकघरात येऊन शर्मिलाला म्हणाला, "हो पण नाही, नाही पण नाही. तिथे फोटो काढतील, पेपरात देतील. खाली लिहितील, पारंपरिक दोर वळणारे अमुक तमुक. माझ्या ब्रँचमध्ये पेपर येतो ना."

"मग तुम्ही नका जाऊ."

"मी जाण्याचा प्रश्न कुठे आहे?"

"तेच म्हणतेय," शर्मिला म्हणाली. "तुम्हाला कुणी बोलावलेलंच नाही."

त्याने फ्रिज उघडला आणि काही न घेता बंद केला. रागापेक्षा भीती जास्त होती हे तिला दिसत होतं. चाळीत असताना शाळेतून रडत आलेला संजय तिने पाहिला नव्हता, पण सासूबाईंनी सांगितला होता.

*

गुरुवारी ती दवाखान्यातून अडीचला घरी आली. बाल्कनीचं दार उघडं होतं. आण्णा जमिनीवर बसले होते, बादलीत पेंढा भिजत होता, आणि एक जुडी ते लाटण्याने हळूहळू ठोकत होते. लाटणं तिचं पोळ्यांचं होतं.

"ओला करावा लागतो," आण्णा मागे न बघता म्हणाले. "सुका तुटतो. पोरींनी सुकाच वळला असंल."

हातभर दोर वळून झाला होता. त्यांनी दोन पेड पायाच्या अंगठ्यात धरले आणि तळहात एकमेकांवरून सरकवले. डावा तळहात पुढे जात होता, आणि पेंढा त्याच्या मागून मुकाट्याने गोल फिरत होता.

"आण्णा, तुम्ही डावखुरे आहात?"

ती ज्या माणसाला सव्वीस वर्षं वाढत आली तो उजव्या हाताने जेवत होता, उजव्या हाताने सही करत होता. दाढी मात्र डाव्या हाताने करायचा. हे तिला आत्ता जुळलं.

"उजवा हात मारून बसवलेला हाय," आण्णा म्हणाले. "मूळ डावा."

मग त्यांनी हात न थांबवता सांगितलं. लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्याच्या आत, तिकडचं गाव. नाव त्यांनी आताही घेतलं नाही. आखाडात देवीची जत्रा. आदल्या दिवशी वेशीला तोरण चढायचं, आणि तोरणाचा अंबाडीचा दोर यांच्या घराने वळायचा. घरानं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या याच घरानं. तोरण बांधून झालं की वळणाऱ्याने वेशीबाहेर यायचं. गाव आत जेवायचं. संध्याकाळी कुणीतरी वेशीपाशी यायचं आणि उरलेलं टोपल्यात वरून टाकायचं.

"वरून," आण्णा पुन्हा म्हणाले. "हात लागू नये म्हणून. भात ठीक. कालवण वरून पडलं की अंगावर उडतं."

त्या वर्षी बापाला ताप होता. भीमराव एकोणीस वर्षांचे होते, राधाबाईंशी नुकतंच लग्न झालं होतं. काम घाईचं होतं आणि चुकलं तर हातावर मारायला बाप शेजारी नव्हता. हात आपल्या सवयीने गेला. तोरण चढलं, आंब्याचे टहाळे लागले. मग एका म्हाताऱ्याने खालून निरखून बघितलं आणि म्हणाला, पीळ उलटा हाय. त्या गावात उलट्या पिळाचा दोर तिरडीला बांधत.

"जत्रा झाली तशीच. पुढच्या पंधरवड्यात तीन बैल मेले. खुरकूत सगळ्या तालुक्यात होती. पण गावाने तोरण धरलं. तापातल्या बापाला उठवून वेशीत आणलं. तोच दोर गळ्यात घातला. सगळ्या गावाची माफी मागायला लावली."

शर्मिला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"बाप म्हणाला, मीच वळला. मी शेजारी उभा होतो. मला बोलू दिलं नाही त्याने." आण्णांनी वळलेला दोर ओढून बघितला. "दिवाळीच्या आत खडकीला आलो. वर्षभरात बापाने धम्म घेतला. पुढं चौदा वर्षं जगला, पण त्या दोराबद्दल मला एक शब्द बोलला नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं."

त्यांनी दोराचं टोक धरलं आणि पीळ उलटा फिरवत सगळा दोर उसवून टाकला. पेंढा परत बादलीत गेला.

"का उसवला?"

"बाईचं उत्तर आलं नाही अजून. भाईर बसून खायचं असलं तर हात लावणार नाही मी. तो दोर कोरियातला का असेना."

"चहा ठेवू?"

"ठेव. आणि लाटणं घासून घे. ओलं झालंय."

*

नम्रता सातला आली. कंपनीची बस अडकली होती. संजय सोफ्यावर बसून फोनवर क्रिकेट बघत होता. नम्रताने चपला काढल्या आणि सरळ आण्णांच्या समोर स्टुलावर बसली.

"आजोबा, मॅडमचा मेसेज आला. मोठा आहे. मी मराठीत करून वाचते."

"वाच. तुझं काही घालू नको त्यात."

नम्रता वाचायला लागली. युन मॅडमनी लिहिलं होतं की दोर वळणारा नेहमी आतच बसतो, तोच त्या वर्षीचा पूजेचा माणूस असतो. हे त्यांना माहीत होतं. बाहेर कोण, हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. मामा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते फोनवर आधी म्हणाले, बाहेर कुणी नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला. म्हणाले, आमच्या लहानपणी ढोल घेऊन नाचून देव बोलावणारी एक बाई होती. देव तीच बोलवायची, पण तिचं घर दोराच्या बाहेर असायचं. खाटकाचंही. त्यांचा वाटा वेगळ्या भांड्यात घालून बाहेर ठेवत. नेऊन ठेवायचं काम मामांकडेच होतं. त्यांनी भांडं जमिनीवर ठेवून पळत यायचं.

संजयने फोनचा आवाज बंद केला.

"पुढे?" आण्णा म्हणाले.

"पुढे लिहिलंय, 'माझ्या पुस्तकात मी सगळं गाव एकत्र जेवतं असं लिहिलं. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. तुमच्या आजोबांची मी आभारी आहे आणि मला थोडी लाज वाटते. दोर कुठून कुठवर बांधायचा, हे आमच्याकडे दोर वळणाराच ठरवतो. शनिवारीही तोच ठरवेल. त्यांना यायचं नसेल तर मी दोराशिवाय पूजा करीन, पण नायलॉनचा लावणार नाही.' बस, एवढंच."

आण्णांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"खरं बोलली बाई," ते म्हणाले. "तीन दिवस लागले, पण खरं बोलली. शनिवारी ढोल कोण वाजवणार?"

"आमच्या ऑफिसातली मुलं. आणि एक ढोल पथक आहे."

"भांडी कोण घासणार?"

"संस्थेच्या दोन मावश्या आहेत."

"माणसं किती?"

"सव्वाशे तरी असतील."

आण्णांनी मनाशी काहीतरी मोजलं. बोटं एकदा उघडली, एकदा मिटली.

"आण्णा," संजय म्हणाला, "तुम्ही माफी मागायला नाही ना चाललाय कुणाची? आपलं काही चुकलेलं नव्हतं." तो गावच्या वागणुकीबद्दल बोलत होता; त्या दोराची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. शर्मिलाने सासऱ्यांकडे बघितलं.

"चुकलं होतं," आण्णा म्हणाले. "माझं चुकलं होतं, आणि ते बापाने भरलं. कधीतरी सांगेन तुला." ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, बाल्कनीत गेले, बादलीतलं पाणी बदललं आणि परत दारात येऊन उभे राहिले. शर्ट ओला झाला होता.

"उद्या दिवसभर कुणी बाल्कनीत यायचं नाही. कपडे आत वाळवा. शनिवारी पौर्णिमा हाय, सकाळी मी विहारात जाणार, मग पांढऱ्याच कपड्यांत नमीबरोबर बाणेरला. दोर डाव्या हाताने वळणार. झाडाला हात जोडणार नाही. ढोलवाले आणि भांडीवाल्या आत येतील एवढा लांब बांधणार, आणि मी आत बसून जेवणार. संजय, तुझं तू बघ. शर्मिला, माझा डबा करू नको."